मागच्या दारचं ऊन

मी सनरूम बोलतेय. काचेची खोली. हसू नका. खोलीला तोंड नसतं असं तुम्हाला कोणी सांगितलं? मला दोन दारं आणि सात खिडक्या आहेत. एवढी तोंडं दिल्यावर गप्प बसायचं म्हणजे शिक्षाच की.

तुमच्याकडे बाल्कनीला काचा लावून आत बिघडलेले पंखे आणि रिकाम्या बरण्या कोंबतात, त्या प्रकरणाशी माझं नातं जोडू नका. मी जन्माची सनरूम. माझं काम एकच, ऊन आत घ्यायचं आणि वारा बाहेर ठेवायचा. इतकं सोपं काम, पण सुरुवातीलाच माझी अशी शोभा झाली की विचारू नका. तुम्ही विचारलं नाहीत तरी मी सांगणारच आहे.

आमच्यात दोन घराणी. एक, सुताराने घरी येऊन, मापं घेऊन, लाकूड तासून बांधलेल्या खोल्यांचं. दुसरं माझं. आम्हाला कारखान्यात कापतात, भोकं पाडतात, खोक्यांत भरतात. गिऱ्हाइकाने घरी न्यायचं आणि बोल्ट पिळून उभं करायचं. त्या बांधीव बायका आम्हाला पाहून नाकं मुरडतात. दुकानात टांगलेला झगा म्हणतात आम्हाला. म्हणू देत. त्या झग्याचं कौतुक पुढे कोणाला करावं लागलं ते ऐका.

माझा जन्म चार खोक्यांत झाला. एकात डोकं, एकात अंग, एकात काचा आणि चौथ्यात बोल्ट, रबराच्या पट्ट्या आणि एक पुस्तिका. त्या पुस्तिकेतल्या चित्रात एक माणूस हसत हसत एकट्याने मला उभी करतो. हा माणूस मला आजवर भेटलेला नाही. मला भेटले ते सगळे शिव्या देत होते.

इन्व्हरकार्गिल शहरातल्या दुकानात माझी सख्खी बहीण नमुना म्हणून उभी होती. आत वेताच्या खुर्च्या, कोपऱ्यात प्लास्टिकचं झाड, वर ट्यूबलाइट. तिने आयुष्यात सूर्य पाहिलेला नाही. तरी लोक आत पाऊल टाकून म्हणायचे, "वा, काय ऊब आहे!" माणसांचा हा भोळेपणा मला फार आवडतो.

त्या दुकानात एक दिवस फर्गस आला. तो खरं तर शेजारच्या दुकानात कोंबड्यांचं खाद्य घ्यायला आला होता. उंच, लाल कानांचा, हट्टी हनुवटीचा म्हातारा. जन्मभर लोकरीच्या गोदामात कामाला होता; दोन बोटांत लोकर चोळायची आणि तिची प्रत सांगायची. नुकताच निवृत्त झालेला. त्याने माझ्या बहिणीची चौकटही दोन बोटांत चोळून पाहिली आणि म्हणाला, "ठीक आहे. द्या." एवढ्यावर सौदा. माणूस बायको करताना तरी जास्त विचार करतो. निदान करावा.

हा घाईचा सौदा का झाला, ते मला नंतर कळलं. भिंतीला चिकटून राहिलं की घरातलं सगळं ऐकू येतं.

फर्गसचं घर रिव्हर्टनला. दक्षिण गोलार्धातल्या आमच्या देशाच्या अगदी खालच्या टोकाचं गाव. त्याच्याही खाली समुद्र, आणि समुद्रापलीकडे एकदम बर्फ. तिथून वारा सुटला की दात वाजायला लागतात. आदल्या हिवाळ्यात फर्गसच्या बायकोला, नोलीनला, न्यूमोनिया झाला होता. डॉक्टर म्हणाल्या, "पुढचा हिवाळा उन्हात बसून काढ." तिकडे ऑस्ट्रेलियात, गरम हवेच्या गावात, त्यांची मुलगी ऱ्होना राहते. तिने फोनवर धोशा लावला, "आई, हिवाळ्यात इकडे ये. आणि मानवलं तर इकडेच राहा."

नोलीन कमी बोलणारी बाई, पण बोलली की तोडून बोलते. फर्गसला म्हणाली, "घरात उन्हाची एक जागा कर. झाली तर राहीन. नाही झाली तर मे संपताना, हिवाळा लागायच्या आत, मी निघाले. आणि परत यायचं की नाही ते तिथे ठरवीन."

ऐकून फर्गस हादरला. त्याने ते दाखवलं का? छे! तो म्हणाला, "मग मांजराला खायला कोण घालणार?"

मांजराचं नाव बटन. मांजर स्वतःचं पोट स्वतः भरायला समर्थ होतं. उपाशी राहिला असता तो फर्गस. पण या प्रदेशातल्या पुरुषांच्या मनातलं खरं वाक्य बाहेर यायला वाटेत निदान एक मांजर तरी लागतं.

तर उन्हाची जागा करायची ठरली. आणि इथे मधे आला मेव्हणा. नोलीनचा भाऊ स्ट्रुअन, गावातला सुतार. हात असा की त्याने बसवलेल्या खिडकीतून वारासुद्धा परवानगी मागून येतो. पण वेळेच्या नावाने बोंब. त्याच्या स्वतःच्या न्हाणीघराला अजून दार नाही. पाहुणा आत गेला की खात्रीसाठी मोठ्याने गाणं म्हणत बसतो.

स्ट्रुअन टेप घेऊन आला, घराला चक्कर मारली, आणि स्वयंपाकघरात बसून चहा पीत म्हणाला, "नोलीन, मागच्या भिंतीला बांधतो. चांगलं लाकूड, जाड काच, कप ठेवायला रुंद कठडा. ऑक्टोबरपर्यंत होईल."

"कुठल्या वर्षीचा ऑक्टोबर?" नोलीनने विचारलं.

स्ट्रुअनने चहा ढवळला.

फर्गस समोरच बसला होता. पण तो म्हणाला, "नोलीन, तुझ्या भावाला सांग, हिवाळा जूनमध्ये येतो, ऑक्टोबरपर्यंत माझी बायको गोठून बर्फ झालेली असेल."

"नोलीन, तुझ्या नवऱ्याला सांग, घाईत बांधलेली खोली कोंबड्यांनासुद्धा आवडत नाही."

दोघांच्या मधे एका बिस्किटाच्या डब्याचं अंतर. तरी निरोप नोलीनमार्फत. कारण हे दोघं कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण कशावरून? जमिनीवरून? वारशावरून? नाही हो. ट्रेलरवरून.

आमच्याकडे गाडीला ट्रेलर, म्हणजे सामान वाहायची चाकगाडी, जोडून तो उलटा मागे घेता येणं ही पुरुषाची परीक्षा असते. स्टीअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो, आणि माणसाची अब्रू दोन्हीकडे जाते. एका रविवारी समुद्रकाठच्या उतारावर फर्गस बोटीचा ट्रेलर पाण्यात नेत होता. मागे गेला, वाकडा झाला, पुढे आला, परत मागे, परत वाकडा. अख्खं गाव चीज रोल खात बघत उभं. आणि स्ट्रुअन खिशात हात घालून ओरडला, "फर्गस, बोट पाण्यात घालायचीय रे! तू तर तिला डोंगरावर चढवतोयस!"

गाव हसलं. फर्गसने बोट तशीच घरी आणली. त्यानंतर मेव्हण्याशी बोलणं बंद. बोट विकून टाकली. ट्रेलर मात्र ठेवला, कोण जाणे कशाला.

आता कळलं ना माझी खरेदी इतकी झटपट का झाली? स्ट्रुअनची खोली नको, एवढंच फर्गसला पक्कं ठाऊक होतं. मी आले ती आवडीने नव्हे, रागाने. पण फर्गसचं अगदीच चूक होतं असंही नाही. स्ट्रुअनच्या भरवशावर राहिली असती तर नोलीनने दोन हिवाळे नुसत्या मापांवर काढले असते.

माझी खोकी अंगणात उतरली तेव्हा जानेवारी होता. आमच्याकडे जानेवारीत भर उन्हाळा. नोलीन म्हणाली, "फर्गस, मागच्या बाजूला लाव. स्ट्रुअन म्हणत होता तिथे."

हे शेवटचं वाक्य ती बोलली नसती तर बरं झालं असतं.

"मागे?" फर्गसचे कान आणखी लाल झाले. "मागे काय आहे? धुण्याची खोली, कोंबड्या आणि संडास. संडासासमोर काचेची खोली कोण बांधतं? पुढे बघ. समोर समुद्र. समोर रस्ता. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसलं तर पाहिजे!"

हा येणारा-जाणारा म्हणजे कोण ते तुम्ही ओळखलंत. स्ट्रुअन रोज संध्याकाळी कामावरून परतताना त्याच रस्त्याने पिकअप घेऊन जायचा.

"तुला हवं तिथे लाव," नोलीन म्हणाली आणि धुण्याची टोपली उचलून मागे गेली. संसारात हे वाक्य कानावर पडलं की शहाण्या माणसाने हातातलं काम थांबवावं. फर्गसने हातोडा उचलला.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. आमच्याकडे सूर्य उत्तरेच्या बाजूने फिरतो. आणि या घराचं पुढचं तोंड दक्षिणेला. पण ऐन उन्हाळ्यात सूर्य लाडात येतो. सकाळी आग्नेयेकडून उगवतो, संध्याकाळी नैर्ऋत्येला मावळतो, आणि दक्षिणेच्या भिंतीलाही दोन्ही वेळा ऊन चाटून जातं. फर्गस नाश्त्याला बसायचा तेव्हा पुढच्या खोलीत ऊन असायचं. झालं, त्याने मान डोलावली. मार्च उलटला की ते ऊन जातं कुठे, हे त्याने पाहिलंच नव्हतं. इतकी वर्षं तो दिवसभर गोदामात, अंधार पडल्यावर घरी.

त्याने मला उभी केली. पुस्तिका पहिल्याच दिवशी कोंबड्यांच्या खुराड्यात गेली. माझं एक दार उलटं लावलं, ते काढलं, परत उलटं लावलं. पण कष्ट केले हो म्हाताऱ्याने. गुडघे चोळत, कण्हत, एकेक बोल्ट पिळला. मी उभी राहिले तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटला. समोर निळा समुद्र, अंगावर कोवळं ऊन. बटन मांजर आत आलं, सगळे कोपरे हुंगले आणि मधोमध पसरलं. माझ्या दृष्टीने मी परीक्षेत तिथेच पास झाले.

उद्घाटनाला सगळी गल्ली आली. प्रत्येकाने काही ना काही खायला आणलं. तो इथला रिवाज. शेजारची मेरेआना आली. ती गावच्या स्वयंसेवकांच्या अग्निशमन दलाची प्रमुख. आवाज असा की आग ऐकूनच विझावी. ती म्हणाली, "फर्गस, तुझ्या हातून हे उभं राहिलं? आणि अजून पडलं नाही?" सगळे हसले, फर्गसही हसला. त्याने नोलीनसाठी वेताची खुर्ची आणली होती. नोलीन तिच्यात बसली आणि म्हणाली, "छान आहे." ती फर्गसकडे बघत होती, माझ्याकडे नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

संध्याकाळी स्ट्रुअनची पिकअप आली. हळू झाली. त्याने आधी सूर्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग गालात हसला आणि निघून गेला.

"बघ," फर्गस म्हणाला, "जळला."

फेब्रुवारी बरा गेला. मार्चमध्ये ऊन माझ्या कडेकडेने सरकायला लागलं, पाहुणा काढता पाय घेतो तसं. आणि एका सकाळी ते आलंच नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी बटन उठलं, अंग ताणलं, माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की काय सांगू, आणि शेपटी वर करून निघून गेलं. परत आलं नाही.

मग सुटला दक्षिणेचा वारा. माझ्या काचा खडखडायला लागल्या. फर्गसने जी रबराची पट्टी उलटी बसवली होती ती रडक्या पोरासारखा सूर काढायला लागली. नोलीन कोट घालून वेताच्या खुर्चीत बसायची, तिच्या श्वासाची वाफ माझ्या काचेवर जमायची. मग ती बसेनाशी झाली.

पुढचं सांगायची लाज वाटते, पण सांगते. मला फ्रिज केलं. आधी नोलीनने लोणी आणून ठेवलं. मग दूध. मग रविवारचं मटण. मेरेआना आपल्या बिअरच्या बाटल्या आणून ठेवायला लागली. "तुझी ही खोली आमच्या फ्रिजपेक्षा भारी आहे रे, फर्गस!" म्हणायची. सनरूम मी! आणि माझ्या पोटात थंडगार कोबी! दुकानातली बहीण तरी बरी, तिला निदान ट्यूबलाइट होती.

फर्गस रोज सकाळी माझ्यात येऊन उभा राहायचा, हात चोळायचा, आणि आभाळाकडे असा बघायचा जसं काही सूर्याची गाडी उशिरा धावतेय.

मे आला. ऱ्होनाने तिकीट काढलं. नोलीनने बॅग भरली आणि आणून ठेवली माझ्यातच. "इथे पायात येणार नाही," म्हणाली. "इथे कोण येतंय?"

फर्गस त्या बॅगेला वळसा घालून जायचा. एकदा कोणी बघत नाही असं पाहून त्याने ती उचलून पाहिली. किती जड आहे, म्हणजे किती दिवसांची आहे, याचा अंदाज घेत असावा. हळूच खाली ठेवली. तेव्हा मला त्याची दया आली. उलट्या पट्टीबद्दल मी त्याला तिथल्या तिथे माफ केलं.

निघायचा सोमवार जवळ आला. शुक्रवारी सकाळी बाहेर गवतावर पांढरं दव गोठलेलं, पण आभाळ लख्ख. फर्गसने घरभर हाका मारल्या, "नोलीन! अगं ए नोलीन! चहा करतेस ना?" उत्तर नाही. या घराच्या मधून पुढून मागेपर्यंत सरळ बोळ आहे, दोन्हीकडची दारं उघडी असली की मला मागचं अंगण दिसतं. त्या दिवशी दिसत होतं. तर फर्गस तिला शोधत शोधत, कदाचित आयुष्यात पहिल्यांदा, धुण्याच्या खोलीच्या दारापर्यंत गेला.

आत नोलीन उलट्या बादलीवर बसली होती. भिंतीला टेकून, डोळे मिटून. स्वेटरला कपड्यांचे चिमटे लावलेले. मांडीवर बटन. आणि त्या एवढ्याशा खोलीत, दारातून, खिडकीतून, भिंतीवर, जमिनीवर, तिच्या गुडघ्यांवर, सोन्यासारखं ऊन.

फर्गस दारातच थांबला. त्याच्या मानेवर ऊन पडलं. त्याने हात मागे नेऊन मान चाचपली, काही सांडलंय का अशी.

"तू इथे बसतेस?"

"हो," नोलीन डोळे न उघडता म्हणाली.

"कधीपासून?"

"लग्न होऊन आले तेव्हापासून. धुणं घातलं की बसते थोडी. घरात दुसरीकडे कुठे ऊन असतं?"

"मग सांगितलं का नाहीस मला?"

आता तिने डोळे उघडले. "सांगितलं. तू म्हणालास, संडासासमोर काचेची खोली कोण बांधतं."

फर्गस तिच्याशेजारी जमिनीवर बसला. बसताना गुडघे कुरकुरले ते मला पुढपर्यंत ऐकू आलं. आणि मग मांजर-बिंजर काही मधे न घालता तो म्हणाला, "नोलीन, तू जाऊ नयेस असं मला वाटतं. फार वाटतं. म्हणून ती खोली आणली."

नोलीन म्हणाली, "अरे बाबा, मग हेच सांगायचं होतंस की. खोली कशाला?"

"आता आणलीय ना," फर्गस म्हणाला.

त्याच संध्याकाळी तो फाटकाबाहेर रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. स्ट्रुअनची पिकअप आली, थांबली. काच खाली झाली. दोघं समोरासमोर. मधे नोलीन नव्हती. मी श्वास रोखून, म्हणजे सगळ्या खिडक्या घट्ट मिटून, ऐकत होते.

"खोली चुकीच्या बाजूला आहे," फर्गस म्हणाला.

"माहीत आहे," स्ट्रुअन म्हणाला.

"कधीपासून?"

"तू पहिला खड्डा खणलास तेव्हापासून."

"आणि बोलला नाहीस?"

"तू कुठे बोलत होतास माझ्याशी!"

फर्गस खाली मान घालून म्हणाला, "ती सोमवारी चाललीय, स्ट्रुअन."

स्ट्रुअनने गाडी बंद केली. किल्ली काढली. माझ्याजवळ आला, माझा एक बोल्ट अंगठ्याने दाबून पाहिला, आणि त्या माणसाच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नव्हतं असं वाक्य आलं. "एक बरं झालं तू माझं ऐकलं नाहीस. मी बांधली असती आणि चुकली असती तर पाडावी लागली असती. ही सुटते."

ऐकलंत? ही सुटते! दुकानात टांगलेला झगा सुटतो! कोणीतरी त्या बांधीव बायकांना कळवा.

शनिवारी सकाळी मेरेआनाने अख्खं अग्निशमन दल आणलं. आधी माझ्या पोटातल्या बिअर बाहेर काढल्या, त्यांना प्राधान्य होतं. मग बोल्ट सुटायला लागले. डोकं वेगळं, अंग वेगळं, काचा वेगळ्या. तुम्हाला वाटेल मला दुखलं असेल. अहो, मी खोक्यांत जन्मलेली. मला माहेरी गेल्यासारखं वाटलं.

पण एवढं सामान मागे न्यायचं कसं? घर आणि कुंपणाच्या मधे एक अरुंद वाट. काचा हातात धरून दगडा-खड्ड्यांतून नेणं नको, ट्रेलरच पाहिजे. आणि मागे वळायला जागा नाही, म्हणजे ट्रेलर उलटाच घ्यायला हवा. सगळं दल एकदम आभाळाकडे, बुटांकडे, कोंबड्यांकडे बघायला लागलं. ट्रेलरची गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक.

फर्गसने किल्ली काढली आणि स्ट्रुअनपुढे धरली. "तू घे."

माझ्या काचा ट्रेलरवर आडव्या पडल्या होत्या, मला सगळं दिसत होतं. या गावात पुरुष एक वेळ आपलं मूत्रपिंड देईल, पण आपला ट्रेलर दुसऱ्याला उलटा घ्यायला देणार नाही.

स्ट्रुअनने किल्लीकडे पाहिलं. खिशातून दोन्ही हात बाहेर काढले. "नाही. तू घे. मी मागे उभा राहून सांगतो."

आणि निघाली आमची वरात. फर्गस गाडीत, मान पिळवटून मागे बघतोय. स्ट्रुअन मागे उलटा चालत, दोन्ही हातांनी खुणा करतोय. "थोडं डावीकडे. नको, तुझं डावं. बस. सरळ. छान. सरळ राहू दे." इतक्या मऊ आवाजात, की जनावराला गोठ्यात घेतोय असं वाटावं. अख्खी वाट पार झाली. कुंपणाला ओरखडा नाही. फर्गसचा चेहरा उजळला. आणि त्या आनंदात ब्रेक दाबायचा राहिला. धाडकन आवाज झाला आणि कपडे वाळत घालायचा लोखंडी खांब कोंबड्यांच्या दिशेने आडवा. कोंबड्या किंचाळत चारी दिशांना.

कोणी हसेना. मेरेआनाने ओठ चावला. स्ट्रुअन खांबाकडे इतक्या गंभीरपणे बघत होता, जणू प्रार्थना चाललीय.

हसली ती नोलीन. मागच्या पायरीवर उभी होती, हसता हसता खाली बसली, खोकला आला तरी हसत राहिली. मग स्ट्रुअनला फुटलं, मग सगळ्यांना. आणि फर्गस गाडीतून उतरून म्हणाला, "डोंगरावर नाही चढवली ना? मग झालं!" त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. हसण्याचं असेल. मी खोदून विचारलं नाही.

मागची भिंत जुनी, एका बाजूला कललेली. मी सरळ काटकोनातली. भिंत आणि मी यांच्यात वर चार बोटं फट राहिली. खरं सांगते, तेव्हा मी घाबरले. पुस्तिकेतल्या माणसाच्या घराची भिंत सरळ होती. पण स्ट्रुअनने लाकडाची एक लांब पाचर तासली, वर जाड, खाली निमुळती, आणि ती अशी बसवली की भिंतीला वाटलं मी तिची आणि मला वाटलं भिंत माझी. शिवाय कप ठेवायला रुंद कठडा. रविवारी अंधार पडायच्या आत काम पुरं. गावात आजही लोक त्या रविवारबद्दल आवाज खाली करून बोलतात. स्ट्रुअनने वेळेत पुरं केलेलं ते एकमेव काम.

सोमवारी सकाळी कोंबडीच्या खुराड्यावरून सूर्य वर आला आणि मी पहिल्यांदा सनरूम झाले. काय सांगू तुम्हाला! ऊन आत शिरलं आणि निघायचं नावच घेईना. माझं सगळं अंग हळूहळू तापलं. दाराच्या आत नोलीनची बॅग होती, विमानतळावर जायला तयार.

नोलीन आली. कोट घातलेला, पायात चांगले बूट. वेताच्या खुर्चीकडे पाहिलं, मग धुण्याच्या खोलीत जाऊन आपली बादली घेऊन आली, उलटी केली आणि तिच्यावर बसली.

"खुर्ची आहे की," फर्गस दारातून म्हणाला.

"ती पाहुण्यांना," नोलीन म्हणाली.

फोन वाजला. ऱ्होना. "आई, निघालीस ना? बॅग घेतलीस?"

नोलीनने बॅगेकडे पाहिलं. बॅगेवर, अगदी मधोमध, उन्हात, बटन चारी पाय वर करून झोपलं होतं.

"बॅग भरलेलीच आहे गं," नोलीन म्हणाली. "पण तिच्यावर मांजर झोपलंय. त्याला कुठे उठवू आता?"

पलीकडून ऱ्होना म्हणाली, "बाबांना दे." फर्गसने फोन घेतला, ऐकलं, आणि म्हणाला, "हो. ऊन आहे. खूप आहे." आणि फोन ठेवून तो घाईघाईने बाहेर गेला.

बाहेर जाऊन त्याने काय केलं असेल? आडवा पडलेला खांब उभा केला, दगड ठोकून पक्का केला, दोरी ताणली, आणि टोपलीतलं धुणं वाळत घालायला लागला. जन्मात पहिल्यांदा. पँट एका पायाने लटकली. मोजे त्याच्या स्वतःच्याच खिशात राहिले. आणि मग त्याने पलंगावरची मोठी चादर उचलली आणि बरोबर माझ्यासमोर पसरली. आत अंधार. बटनाने डोळे उघडले.

"फर्गस!" नोलीन ओरडली. "ऊन!"

चादर थांबली. मग एकेक चिमटा निघाला, आणि ती दोरीवरून सरकत सरकत बाजूला गेली, आणि ऊन परत तिच्या गुडघ्यांवर आलं.

त्याला आता पुष्कळ हिवाळे झाले. माझा एक कोपरा गळतो. फर्गस म्हणतो, ती स्ट्रुअनच्या पाचरीची चूक. स्ट्रुअन म्हणतो, ती फर्गसच्या उलट्या पट्टीची चूक. दोघं माझ्यातच बसून, समोरासमोर, थेट एकमेकांशी भांडतात. नोलीन बादलीवर बसून चहा पिते आणि मधे पडत नाही. बटन गेलं, आता दुसरं मांजर आहे, त्यालाही बॅगच आवडते, म्हणून बॅग अजून हललेली नाही. धुणं फर्गस घालतो. वाईट घालतो, पण घालतो.

लोक मला बघायला येतात आणि विचारतात, "बांधून घ्यावी की तयार आणावी?" मी काय सांगणार? माझं निम्मं अंग खोक्यातलं, निम्मी भिंत स्ट्रुअनची. तेव्हा बाबांनो, हातोडा उचलण्याआधी एवढं करा. तुमच्या घरात धुणं वाळत घालायला रोज जी जाते तिला विचारा, ऊन कुठे असतं. तिला ठाऊक असतं. आणि ती सांगेल तेव्हा ऐका.

चला, आता खिडक्या मिटते. चादर वाळली, फर्गस काढायला निघालाय, आणि बरोबर उन्हाच्या आड उभा आहे.